प्रश्न क्रमांक नऊ

नोकरीच्या पहिल्याच दिवशी सरांनी माझा अर्ज मला मोठ्याने वाचून दाखवला. मी समोर उभी, हातात डबा, आणि हे ताठ बसून एकेक ओळ वाचताहेत. 'मला समाजकार्याची लहानपणापासून आवड आहे' या वाक्यावर थांबले. चष्मा काढला, त्याची दांडी दातात धरली आणि विचारलं, "हे खरं आहे का?"

आता खोटं कशाला बोलू? "नाही सर," मी म्हटलं. "नेटवरून उतरवलंय. मला नोकरी पाहिजे."

"मग तसं लिहा. 'मला नोकरी पाहिजे.' तीन शब्द आहेत, शाईही वाचेल."

मी तसं लिहिलं, खाली सही केली, आणि मला नोकरी मिळाली. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, असला कसला गं तुझा साहेब! पुढची नऊ वर्षं मी तेच म्हणत होते.

आमचा विभाग म्हणजे विद्यापीठाचा विस्तार विभाग. नाव मोठं, जागा जिन्याखालची. विद्यापीठाने आपल्याच भिंतीत बसून न राहता आसपासच्या वस्त्यांत जावं, तिथल्या लोकांबरोबर काही काम करावं, यासाठी काढलेलं हे खातं. सर विभागप्रमुख, मी टायपिस्ट आणि क्लार्क दोन्ही, आणि दरवर्षी बदलणारी पंधरा-वीस पोरं. दोन कपाटं, एक संगणक आणि एक पंखा. पंखा सर असले की बंद, कारण कागद उडतात. एप्रिल-मेमध्ये आम्ही घामाने न्हायचो आणि कागद आपले मजेत पडलेले असायचे.

सर दादरला राहायचे. मराठी पुस्तकातलं बोलायचे, आणि शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना 'अहो' करायचे. शर्टाच्या खिशात भाजलेले चणे. दिवसभर एकेक चणा तोंडात टाकत असायचे आणि कुणाला म्हणून कधी द्यायचे नाहीत. एकदा मी गमतीने हात पुढे केला तर म्हणाले, "हे माझं औषध आहे. तुमचं वेगळं असेल." चिक्कू म्हणावं, तर एका विद्यार्थ्याच्या आईला रक्त लागलं तेव्हा केईएमच्या दारात सगळ्यांच्या आधी बाही वर करून हेच उभे. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

त्यांचे नियम दोन. पहिला नियम वाचून दाखवण्याचा. लोकांनी सांगितलेलं काहीही लिहून घेतलं की ते त्याच माणसाला, त्याच जागी बसून, मोठ्याने वाचून दाखवायचं. "हे तुम्ही म्हणालात ना? असंच ना?" त्याने हो म्हटलं, सही किंवा अंगठा दिला, की मगच कागद पिशवीत. आणि चहा त्यानंतर. आधी चहा घेतला की दोघंही भिडेला पडतात म्हणायचे. मग तो खरं सांगत नाही आणि आपण खरं ऐकत नाही. चाळीतल्या बायका सुरुवातीला भयंकर चिडायच्या. उकळलेला चहा तसाच ठेवायचा म्हणजे काय! एक मावशी तर म्हणाली होती, "मास्तर, तुमचं वाचन होईपर्यंत दुसरा चहा टाकू का?" सर म्हणाले, "टाका." आणि वाचत राहिले.

दुसरा नियम असा, की जो प्रश्न विचारायचा त्याचं उत्तर आधी आपण द्यायचं. पोरांना हा नियम अगदी जिवावर यायचा. एका फॉर्मात प्रश्न होता, घरात कुणी दारू पितं का? आमची एक विद्यार्थिनी, चांगल्या सुखवस्तू घरातली, कॉटन ग्रीनच्या एका खोलीत हा प्रश्न वाचून गप्प झाली. सर मागे उभे. "सांगा," म्हणाले. ती लालबुंद. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा पितात. शनिवारी." समोरच्या बाईने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "आमच्याकडे रोज. बस गं बाय." पुढचा तासभर त्या दोघी बोलत होत्या. फॉर्म बाजूलाच राहिला आणि सर जिन्यात जाऊन चणे खात बसले.

शब्दांच्या बाबतीत तर विचारूच नका. एकदा वरून पत्र आलं की विद्यापीठ परळची अमुक चाळ 'दत्तक' घेत आहे, विस्तार विभागाने पुढची कार्यवाही करावी. सरांनी मला उत्तर सांगितलं आणि मी टाईप केलं: 'सदर चाळीचे आईबाप हयात असून त्यांनी मूल दत्तक देण्याची इच्छा व्यक्त केलेली नाही. सबब दत्तकविधी करता येत नाही.' मी हसत हसत टाईप करत होते. सर हसत नव्हते. "ज्यांच्या पंगतीला आपण एकदाही बसलो नाही, त्यांना दत्तक घेणारे आपण कोण?" म्हणाले. वरून फोन आला, बरीच आदळआपट झाली. पण त्यानंतर आमच्या कागदांवर 'दत्तक वस्ती' गेलं आणि 'शेजारी वस्ती' आलं.

ती चाळ आमची होती. मी तिथलीच, दुसऱ्या मजल्यावरची. आजोबा गिरणीत लागले तेव्हा त्यांना ती खोली मिळाली. वडील त्याच खोलीत जन्मले, मीही. सरांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी त्याचा कधी फायदा घेतला नाही. 'तुमच्या चाळीत जरा ओळख करून द्या' असं एकदाही म्हणाले नाहीत. पहिल्यांदा आले ते स्वतः चाळ कमिटीच्या तांबेकाकांना चिठ्ठी पाठवून, वेळ मागून. काका आमचे रिटायर्ड पोस्टमन, चाळीचे सेक्रेटरी. त्यांनी 'जयभीम' केला, सरांनीही तसाच 'जयभीम' केला, न अडखळता. काका मला नंतर म्हणाले, "माणूस सरळ आहे. थोडा सटक आहे, पण सरळ आहे."

आता ती गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय सरांबद्दल बोलणं खोटं होईल, आणि मी बरीच वर्षं ते खोटं बोलले आहे.

चाळ पाडून तिथे टॉवर उभा करायचं ठरलं. जुन्या रहिवाशांना त्याच जागेवर नवीन इमारतीत जागा द्यायच्या. त्यासाठी खरे रहिवासी कोण, याची यादी हवी होती. पुनर्विकासाच्या कार्यालयाने विद्यापीठाशी करार केला, की सर्वेक्षण तुम्ही करा, तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे. विद्यापीठात आनंदीआनंद. आमच्या जिन्याखालच्या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी पेढे घेऊन आलं. सरांनी करार वाचला आणि विचारलं, "यात दोनच सह्या आहेत. चाळीची सही कुठे आहे?" पेढ्यांचा बॉक्स पुढे सरकला.

फॉर्ममधले प्रश्न वरच्या समितीने काढले होते. आम्ही फक्त पोरांना नेऊन उत्तरं आणायची होती. त्यातला नववा प्रश्न असा होता: 'आपले स्वतःचे घर आहे का? असल्यास कोठे?'

आता आमच्या गिरणगावात कुणालाही विचारा, घर म्हणजे गावाला. इथे असते ती खोली. खोली झाडायची, खोलीला कुलूप लावायचं, ऑफिसातून सुटलं की खोलीवर यायचं. आणि 'घरी चाललोय' म्हटलं की शेजारचा विचारणार, कुठल्या गाडीने? आमचं संगमेश्वरकडे दोन खणांचं कौलारू घर आहे. दहा महिने बंद. चुलत्याच्या शेळ्या ओटीवर बसतात. तरी घर म्हणजे तेच. आयुष्य सगळं खोलीत गेलं तरी घर तेच.

पोरं विचारत गेली आणि लोक छाती पुढे काढून सांगत गेले. आमच्या शेजारच्या मालवणी आजींनी तर पोरांना दम भरला, "आसा तर! माझां घर गावाक आसा. चिऱ्याचां आसा, लिहून घे." पोरांनी लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात वरून निरोप आला. विद्यापीठाच्या तपासणीसाठी समिती येतेय, हा अहवाल तिच्या टेबलावर पाहिजे, आठ दिवसांत. सरांनी वाचून दाखवायला एक महिना मागितला. मिळाला नाही. त्यात बाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या डोळ्याचं ऑपरेशन. दोन दिवस सर त्या एवढ्याशा खोलीत नुसते येरझारा घालत होते, दर वेळी कपाटाला खांदा घासत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "या खेपेला राहू दे." इतकंच. माझ्या नऊ वर्षांत एकदाच.

टाईप मी केलं. पडद्यावर नवव्या प्रश्नाला दोनच पर्याय होते, 'मुंबईत' आणि 'मुंबईबाहेर'. फॉर्मवर 'गावाला' दिसलं की मी 'मुंबईबाहेर' दाबायची. एकामागोमाग एक, दोन दिवस. आमच्या खोलीचा फॉर्म आला, वडिलांचं उत्तर होतं, 'घर गावाला.' तेही दाबलं. शपथेवर सांगते, काही म्हणजे काही खटकलं नाही. बाहेरच्या एखाद्या बाईला कदाचित खटकलं असतं. मला कसं खटकणार? वडील बरोबरच बोलले होते.

दीड महिन्याने चाळीच्या बोर्डावर कार्यालयाची नोटीस लागली. विद्यापीठाच्या अहवालानुसार खालील खोल्यांतील कुटुंबांचे घर मुंबईबाहेर असल्याने त्यांचे येथील वास्तव्य तात्पुरते समजण्यात येत आहे. खाली खोल्यांचे नंबर, जवळजवळ सगळ्या चाळीचे. त्यात आमचाही होता. तात्पुरते म्हणजे नवीन इमारतीत जागा नाही. कुणाची हरकत असेल तर एक महिन्यात कळवावी. किती वर्षं राहता, हाही प्रश्न फॉर्मात होता आणि लोकांनी तीन तीन पिढ्या सांगितल्या होत्या. पण अहवालाच्या पहिल्या पानावर नववा प्रश्न होता, आणि पहिल्या पानापलीकडे कोण वाचतो?

वडील बोर्ड वाचून वर आले. चपला काढल्या, माठातलं पाणी प्यायले. मग मला म्हणाले, "तुझ्या विद्यापीठाने मला पाहुणा केलं की गं." ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी फॉर्म आणि अहवालाची प्रत काढली आणि नववा प्रश्न पुन्हा वाचला. अहवालाच्या प्रत्येक पानाच्या तळाला बारीक अक्षरात टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं होती. माझी. मी सरांपुढे एक फॉर्म ठेवला आणि म्हटलं, "सर, नवव्यात काहीतरी घोळ झालाय." कुणाचा घोळ ते नाही म्हटलं.

त्यांनी फॉर्म वाचला. दुसरा वाचला, तिसरा वाचला. मग विचारलं, "तुमच्याकडे घर कशाला म्हणतात?"

मी सांगितलं. त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा जवळ ओढला. म्हणाले, "मी वाचून दाखवलं असतं, तर पहिल्याच खोलीत कळलं असतं."

त्या संध्याकाळी ते एकटेच चाळीत आले. पटांगणात सगळी चाळ उभी. मी वर गॅलरीत, कठडा धरून. खाली उतरायची हिंमत नव्हती. लोकांचं काय चुकलं? ते तापलेलेच होते. कुणी म्हणालं, विद्यापीठाला विकत घेतलंय. कुणी म्हणालं, म्हणूनच एवढे गोड बोलत होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चूक माझी आहे."

तळमजल्यावरचा एक तरुण होता, तेव्हा नुकताच बँकेत लागलेला, डोक्याने गरम. तो पुढे आला. "सर, ते राहू द्या. टाईप कोणी केलं ते सांगा. नाव सांगा. आपण बघून घेतो त्याला."

मी विद्यापीठात कामाला जाते एवढंच चाळीला ठाऊक होतं, काय काम करते ते नाही. अख्खी चाळ सरांकडे बघत होती, आणि सरांनी एकदाही मान वर करून गॅलरीकडे बघितलं नाही.

"टाईप करणारा टाईप करतो," ते म्हणाले. "अहवालावर सही माझी आहे. सही करणाऱ्याने वाचायचं असतं. मी वाचलं नाही आणि तुम्हाला वाचूनही दाखवलं नाही. नाव पाहिजे असेल तर ते हे, माझं."

मग त्यांनी तांबेकाकांकडे परवानगी मागितली, की उद्यापासून मी प्रत्येक खोलीत येऊन फॉर्म वाचून दाखवतो, चालेल का? काकांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. म्हणाले, "या. पण चहा मिळणार नाही."

आले. रोज पाचला ऑफिस सुटलं की सर परळला. गुडघा धरून जिने चढायचे. मी बरोबर असायची, कागद सांभाळायला. पोरांना त्यांनी आणलं नाही. आपला नियम मात्र सोडला नाही: आधी स्वतःचं उत्तर. "माझं घर दादरला आहे. गावाला काही नाही." मालवणी आजी हे ऐकून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. राग कुठच्या कुठे गेला. "अरे देवा," म्हणाल्या, "म्हणजे तुमका घरच नाय?" आणि सुनेला म्हणाल्या, चहा टाक गो.

सर त्या दिवशी जिन्यात थांबले. मला म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारतोय. घर या शब्दाचा अर्थ मला आज कळला." त्या दिवसापासून त्यांनी नववा प्रश्न बदलला. विचारायचे, "रोजचं अंथरूण कुठे घालता?" त्याला मात्र एकच उत्तर येत होतं. इथेच की, अजून कुठे!

विद्यापीठात वेगळंच चाललं होतं. सरांना बोलावणं आलं, फाईल घेऊन मीही गेले. प्रश्न काढणाऱ्या त्या समितीचे अध्यक्ष समजुतीने बोलत होते. अहवाल स्वीकारला गेलाय, तो मागे घेता येत नाही. एक पुरवणी टिपण जोडू, 'तांत्रिक विसंगती' म्हणू. त्या कार्यालयाबरोबर पुढची कामं व्हायची आहेत, विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न आहे.

"विसंगती नाही," सर म्हणाले. "चूक. तो शब्द लिहा."

"अहो, अर्थ एकच झाला ना."

"एकच असता तर तुम्ही लिहिला असता."

अध्यक्षांनी खुर्ची मागे सरकवली. "तुमच्या मुदतवाढीचा प्रस्ताव आमच्याकडेच आहे, लक्षात आहे ना?" सर त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांना अजून दोन वर्षं मिळणार होती. ती दोन वर्षं त्यांना हवी होती. लपवत नसत. घरी बसलो तर आठ दिवसांत भिंतींना प्रश्न विचारायला लागेन म्हणायचे. त्यांनी माझ्या हातातली फाईल घेतली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "लक्षात आहे. नमस्कार."

हरकतींच्या सुनावणीला ते गेले. तिथल्या साहेबांनी त्यांना ओळखलं, आपल्या बाजूची खुर्ची दाखवली. "सर, तुम्ही विद्यापीठाचे, इकडे या." सर आमच्या लोकांबरोबर बाकावर बसले होते, तांबेकाका आणि माझ्या वडिलांच्या मध्ये. उठले नाहीत. "आज मी हरकत घ्यायला आलोय," म्हणाले, "माझ्याच अहवालावर." आणि त्यांनी फॉर्म वाचायला सुरुवात केली. खोली नंबर एकपासून. साहेब म्हणाले, सगळे वाचायची गरज नाही. सर म्हणाले, "एकदा न वाचल्यामुळेच इथे आलोय." दुपारचं जेवण झालं, सर वाचतच होते. आवाज बसला तेव्हा तांबेकाकांनी कागद घेतला आणि पुढे त्यांनी वाचलं.

यादी बदलली. आमच्या खोल्या राहिल्या. त्या दिवशी चाळीत ढोल वाजले, वडिलांनी आईच्या हातून सरांना पुरणपोळीचा डबा पाठवला. सरांना मुदतवाढ मिळाली नाही. त्यांचा निरोप समारंभही झाला नाही. त्या तारखेला समारंभाचं सभागृह दुसऱ्या कशासाठी तरी दिलेलं होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, पंखा लावला आणि निघाले.

मी काय केलं? काही नाही. चाळीत लोक म्हणायचे, मास्तरांनी घोळ घातला, पण निस्तरला बरं का. मी मान डोलवायची. खरं सांगायचं तर मी स्वतःलाही पटवलं होतं की त्यांच्या ध्यानातच आलं नसेल, मग कशाला उकरायचं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी त्यांच्याकडे दादरला गेले. बाई आत होत्या. सर खूप वाळले होते. मी बसले आणि एका दमात सांगून टाकलं: सर, नवव्या प्रश्नाचं टायपिंग माझं होतं. सगळ्यांचं. आमच्या खोलीचंसुद्धा.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पानाखाली अक्षरं होती की."

मला रडूच फुटलं. "मग पटांगणात का नाही बोललात? माझ्यामुळे तुमची दोन वर्षं गेली."

ते थोडे वैतागलेच. "चूक माझीच होती, किती वेळा सांगू? तुझं फक्त बोट होतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि तुला तिथेच राहायचं होतं. मी काय, संध्याकाळी दादरला निघून येत होतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला 'तू' म्हटलं.

गेल्या वर्षी सर गेले. चाळ तेव्हा रिकामी व्हायला आली होती. पुढच्या महिन्यात सगळे संक्रमण शिबिरात जाणार, मग पाडकाम. पटांगणातली शेवटची सभा झाली ती सरांच्या श्रद्धांजलीची. विहारातल्या सतरंज्या घातल्या होत्या. तांबेकाका आता खूप थकलेत, तरी शोकप्रस्ताव त्यांनीच लिहून आणला होता. उभे राहून वाचायला लागले. सरांनी चाळीसाठी हे केलं, ते केलं. आणि मग, 'सर्वेक्षणात त्यांच्याकडून झालेली चूक त्यांनी मोठ्या मनाने मान्य केली व सुधारली.'

हा कागद आता कायमचा राहणार, आणि त्यात असं लिहिलेलं असणार.

"काका, थांबा," मी उभी राहिले. "ते चुकीचं आहे. चूक त्यांची नव्हती. गावाला म्हणजे मुंबईबाहेर, हे बटण मी दाबलं होतं. सगळ्यांच्या फॉर्मवर. आमच्यासुद्धा. तेव्हा मी वर गॅलरीत उभी होते आणि गप्प बसले."

तो बँकेतला तरुण समोरच बसला होता. आता केस पिकायला लागलेत, मांडीवर मुलगी. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, त्या दिवशी कळलं असतं ना, तर तुमच्या दारावर लाथ घातली असती मी."

"माहीत आहे," मी म्हटलं. "सरांनाही माहीत होतं."

त्याने मान खाली घातली. वडील माझ्या शेजारीच होते. त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. तांबेकाकांनी खिशातून पेन काढलं, झाकण दातात धरलं. "मग काय लिहू? सांग."

"त्यांच्याकडून खोडा. माझ्याकडून लिहा."

त्यांनी खोडलं. सावकाश लिहिलं. कागद लांब धरून वाचलं, "सर्वेक्षणात आपल्या सगळ्यांकडून झालेली चूक त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली."

"काका, 'माझ्याकडून' म्हटलं मी."

"ऐकलं," ते म्हणाले. "बटण तू दाबलंस. पण घर गावाला असं सांगितलं कोणी? मी सांगितलं. तुझ्या बापाने सांगितलं. बस खाली."

मी बसले. मग दोन मिनिटं शांतता पाळायची म्हणून सगळे उभे राहिले. मी बसूनच राहिले. वडिलांनी हाताला धरून मला उठवलं आणि दोन मिनिटं संपेपर्यंत तो हात सोडला नाही.